बेहाल्याचे पाऊसपाणी

सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांवरील हक्क 1300 रुपयांच्या मोबदल्यात इंग्रज कंपनीच्या हवाली करणारा बयनामा 1698 च्या नोव्हेंबरात ज्या सावर्ण रायचौधुरी घराण्याने करून दिला, त्या घराण्याचे बडिशा हे ठाणे आज बेहाल्याच्या दाट वस्तीत मोडते. त्या तीन गावांची कोलकाता महानगरी झाली. बेहाला मात्र 1984 साली महापालिकेत सामील होईपर्यंत उपनगराच्याच इतमामाने नांदत होता, आणि त्याची जलव्यवस्थाही ग्रामीणच होती.

ही व्यवस्था म्हणजे पुकुर, घरालगतचे तळे. सखल, चिखलट भूमीवर घर बांधायचे तर जोते उंच हवे. त्यासाठी माती शेजारीच खणायची आणि जो खड्डा उरेल तो आषाढ-श्रावणात आपोआप भरू द्यायचा, अशा एकाच खोदकामात घराला उंची, स्नानाला घाट, जेवणाला मासळी आणि पावसाला जागा मिळत असे. (आपणां मराठी माणसांना कोलकात्याचे एकच खोदकाम ठाऊक असते: भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 साली खणावयास घेतलेला आणि कधीच पुरा न झालेला ‘मराठा खंदक’.) पुढे जमिनीला भाव आला, पुकुर बुजले, त्यांवर मजले चढले, आणि पूर्वी पुकुरात थांबणारे पाणी गल्ल्यांतून उभे राहू लागले.

येथे आपल्याकडील अनुभव जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. कान्हेरीच्या भिक्षूंनी काळा कातळ कोरून टाकी केली आणि दख्खनच्या भेगाळ खडकाने आपल्याला शोषखड्ड्याची सवय लावली. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा त्याच भूस्तरातून उपजली. कोलकात्याखाली मात्र कित्येक मीटर जाडीचा चिकणमातीचा थर आहे; उथळ खड्ड्यात सोडलेले पाणी त्यातून खालच्या वाळूच्या थरापर्यंत सहसा पोहोचत नाही. खोल नळी घालून ते उतरविता येते, परंतु गच्चीवरची घाणही त्याच वाटेने भूजलात जाण्याचा धोका राहतो. आणि दक्षिण कोलकात्याच्या काही भागांत त्या जलाला आर्सेनिकचा उपसर्ग आधीच आहे. म्हणून घोषणेचा पूर्वार्धच बेहाल्यास लागू पडतो, असे माझे मत आहे.

आता गच्चीवरचे पाणी टाकीत अडविण्याचा हिशेब पाहावा. वर्षाला सुमारे 1600 मिलिमीटर पाऊस धरून, पाचवा हिस्सा बाष्पीभवन आणि धुणावळीत गेला असे मानले, तरी 100 चौरस मीटरच्या गच्चीवरून 1,28,000 लिटर पाणी उतरते. पण 10,000 लिटरची टाकी अवघ्या 125 मिलिमीटरच्या सरींत भरते, आणि जुलैत ती पुन्हापुन्हा भरून वाहते. सबब टाकीचे माप पावसावरून नव्हे, कोरड्या दिवसांवरून ठरवावे लागते. माणशी 135 लिटरच्या सरकारी प्रमाणाने चार जणांचे कुटुंब ती टाकी 18 दिवसांत रिकामी करील. त्यातील शौचालयासाठी धरलेले 45 लिटरच तिच्यातून घेतले, तर तीच टाकी 55 दिवस पुरते. पिण्याचे पाणी हुगळीतून गार्डन रीचच्या जलशुद्धीकरण केंद्रामार्गे येतच असते.

बांधणीत दोन गोष्टींची हयगय चालत नाही. पहिल्या सरीतील 2 मिलिमीटर, म्हणजे या गच्चीचे 200 लिटर, पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ घेऊन येतात; ते वेगळ्या उभ्या नळीत साठवून खालच्या तोटीने काढून टाकावे लागतात. दुसरी गोष्ट झाकणाची. डासांमुळे हिवताप कसा पसरतो याचा उलगडा रोनाल्ड रॉस यांनी 1898 साली याच शहरात पक्ष्यांवरील प्रयोगांतून केला. डेंग्यूचा डास तर स्वच्छ साठवणीवरच पोसतो, म्हणून टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी.

राहता राहिला पुकुर. पश्चिम बंगालच्या अंतर्गत मत्स्यव्यवसाय कायद्यात 1993 साली घातलेल्या कलमाने 5 काठे, म्हणजे 0.035 हेक्टर, किंवा त्याहून मोठे जलाशय बुजविण्यास मनाई आहे. सरासरी 2 मीटर खोलीचा इतका पुकुर 7,00,000 लिटर पाणी धरतो. आपल्या हिशेबातील 70 टाक्या. चार काठ्यांच्या पुकुराला मात्र हे कलम हात लावीत नाही, आणि बेहाल्याच्या पाड्यापाड्यांत असे लहान पुकुर घरांच्या मागे अजून तग धरून आहेत. टाकीची वाहणारी नळी गटाराऐवजी त्यांच्याकडे वळवावी. फक्त गच्चीवर डांबर किंवा नवा रंग लावला असेल, तर त्या हंगामात मासळीच्या दृष्टीने ती बंद ठेवलेली बरी.