पांढऱ्या पाण्याचे गणित

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. अलीकडे उमरखेड तालुका, पलीकडे नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर, आणि मध्ये सहस्रकुंडाचा धबधबा. काळ्या बेसॉल्टच्या पायरीवरून नदी अनेक धारांनी खाली कोसळते. पावसाळ्यात येथे सहली येतात आणि विद्यार्थी दोन प्रश्न हमखास विचारतात. वर गढूळ दिसणारे पाणी खाली पांढरे कसे होते? आणि पट्टीचा पोहणारासुद्धा अशा डोहात का बुडतो? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीपासून सुरू होते. ती म्हणजे पाण्यात कोंडलेली हवा.

फेस पांढरा का?

कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा ओढून नेते आणि तिचे असंख्य बुडबुडे होतात. प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठभागावर प्रकाश परावर्तित होतो, वळतो, पुन्हा परावर्तित होतो. या विखुरण्यात सर्व रंग जवळपास सारखेच परत येतात, म्हणून फेस पांढरा दिसतो. मीठ, साखर आणि कापूस पांढरे दिसतात तेही याच कारणाने.

आता तरंगण्याचा विचार करू. माणसाच्या शरीराची घनता पाण्याहून किंचित कमी असते. ६० किलो वजनाचा माणूस पूर्ण बुडाला तर सुमारे ६१ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणून स्वच्छ पाण्यात तो जेमतेम तरंगतो. परंतु फेसाळ पाण्यात २० टक्के हवा असेल, तर त्या ६१ लिटरचे वजन अवघे ४९ किलो भरते. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे आधार तेवढाच मिळतो आणि माणूस खाली जातो. येथे पोहण्याचे कौशल्य फारसे कामी येत नाही, कारण हाताने मागे लोटायला पुरेसे पाणीच नसते.

पाण्याची उसळी

उथळ पाण्यावर उठलेली लाट किती वेगाने जाईल हे खोलीवर ठरते. गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे हा वेग. खोली ४० सेंटिमीटर असेल तर तो सेकंदाला सुमारे २ मीटर येतो. समजा, खडकावरून तेवढेच उथळ पाणी सेकंदाला ४ मीटर वेगाने धावत आहे. मग कोणतीही लाट प्रवाहाविरुद्ध वर चढू शकत नाही. पुढे संथ आणि खोल पाणी आहे याची 'वर्दी' धावत्या पाण्याला मिळतच नाही. ते त्यावर आदळते, एकदम उंच होते आणि त्याची बरीच ऊर्जा घुसळण्यात खर्च होते. धरणांच्या सांडव्याखाली अभियंते अशी उसळी मुद्दाम घडवतात, म्हणजे नदीचा तळ खरवडला जात नाही.

धबधब्याच्या किंवा बंधाऱ्याच्या पायथ्याशी या उसळीचे रूप घातक असते. पाणी तळाशी पुढे जाते, पण पृष्ठभागावर उलटे, भिंतीकडे, फिरते. त्यात सापडलेली वस्तू पुनःपुन्हा भिंतीखाली ओढली जाते. उंच धबधब्याची भीती सर्वांनाच वाटते. गावच्या बंधाऱ्यावरून सरळ रेषेत सांडणारे पाणी मात्र निरुपद्रवी वाटते, आणि तेथेच फसगत होते.

प्रवाहाचा जोरही मोजून पाहू. गुडघ्याच्या वर पाण्यात उभे राहिल्यावर प्रवाहासमोर पायांचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर धरले, तर सेकंदाला १ मीटर वेगाला सुमारे १० किलो वजनाइतका रेटा बसतो. वेग २ मीटर झाला की ४० किलो, ४ मीटर झाला की १६० किलो. वेग दुप्पट, रेटा चौपट.

खेळाची नदी

याच पाण्यावर हवा भरलेल्या रबरी तराफ्यातून जाण्याचा खेळ जगभर खेळला जातो. धावत्यांच्या अवघडपणाच्या सहा श्रेणी मानतात. महाराष्ट्रात हा खेळ कोलाडजवळ कुंडलिकेवर चालतो. तेथील धावत्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या आहेत. पण हे पाणी मुळात कुंडलिकेचे नव्हे. मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी भिरा येथे घाटाखाली उतरवून टाटांच्या केंद्रात वीज निर्माण करतात आणि मग ते कुंडलिकेत सोडतात. एरवी बंगालच्या उपसागराला मिळाले असते ते पाणी अशा रीतीने अरबी समुद्राला जाते. याच धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला होता. तराफ्यांची वेळ पावसावर नव्हे, तर वीजकेंद्रातून पाणी कधी सुटते यावर ठरते.

अडथळ्याविना वाहणाऱ्या नदीचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. पुरात ती वाळू वाहून नेते, माशांना वर चढायला वाट देते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, १००० किलोमीटरहून लांब नद्यांपैकी फक्त ३७ टक्के नद्या संपूर्ण लांबीभर मुक्त उरल्या आहेत. पैनगंगाही पूर्ण मुक्त नाही. सहस्रकुंडाच्या वर इसापूरचे धरण आहे. म्हणून डोक्यावर आभाळ कोरडे असले तरी दरवाजे उघडल्यावर खाली पाणी वाढू शकते. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी निघण्यापूर्वी तहसील कार्यालयात विसर्गाची चौकशी करावी आणि धबधबा काठावरून, दुरूनच दाखवावा.

वर्गात करून पाहा

नळाची बारीक, संथ धार सपाट थाळीवर पडू द्या. धारेभोवती पातळ, वेगवान पाण्याचे वर्तुळ आणि त्याच्या कडेला उंचवटा दिसेल. ही छोटी उसळीच होय. धार कमीजास्त केल्यावर वर्तुळाचे काय होते ते विद्यार्थ्यांना आधी विचारा, मग दाखवा.

दुसरा प्रयोग शेताच्या उथळ पाटावर करता येईल. १० मीटर अंतर आखून वाळकी काडी सोडा, वेळ मोजा आणि वेग काढा. मग वरच्या हिशेबाने पायांवर किती रेटा येईल ते मुलांनाच काढू द्या. हा आकडा ज्याने स्वतः काढला, तो पुराच्या पाण्यात पाय घालण्यापूर्वी थबकेल, अशी आम्हाला आशा आहे.