किनाऱ्यावरील वारे आणि आपलें आगर

कोंकणांतील खलाशी होडी लोटण्यापूर्वीं वारा पाहतो. बागाईतदार मात्र वाडीच्या पश्चिमेस सुरूची एक रांग लावली म्हणजे आपलें काम झालें असें समजतो. डहाणूपासून तेरेखोलपर्यंतचा किनारा सरळ व सपाट असता, तर ही समजूत चाललीही असती. परंतु येथें, विशेषतः रेवदंड्याच्या दक्षिणेस, दर दोनचार कोसांवर एखादी खाडी आंत शिरते, एखादें जांभ्याचें टोक समुद्रांत घुसतें आणि त्यांच्या बेचक्यांत पुळण व पुळणीमागें माडापोफळींचें आगर असतें. या तिन्ही जागीं एकाच दिवशीं, एकाच प्रहरीं, वारा निरनिराळा असतो.

सर्वसाधारण नियम वाचकांस ठाऊकच आहे. दिवसां जमीन समुद्रापेक्षां लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते व तिची जागा घेण्यास समुद्रावरून खारा वारा येतो. रात्रीं जमीन लवकर निवते आणि वारा उलटून समुद्राकडे वाहूं लागतो, तोच मतलई. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा मोसमी वारा या दोहोंसही झांकून टाकतो.

पण जागेप्रमाणें नियम वांकतो. खाडीच्या दोन्ही अंगांस डोंगर असल्यामुळें खारा वारा तिच्या मुखांतून, नळींतून फुंकर घालावी तसा, जोरानें आंत शिरतो. दाभोळ किंवा जयगड यांसारख्या खाडीच्या कांठीं असलेल्या बागा समुद्रापासून आंत असूनही त्यामुळें वाऱ्याच्या तोंडीं येतात. पहाटे त्याच वाटेनें वरची थंड हवा खालीं ओघळते. उघड्या सड्यावर तर चढणीमुळें वाऱ्यास अधिकच वेग येतो. तेथील एकट्यादुकट्या झाडांचे शेंडे जमिनीच्या बाजूस कललेले दिसतात, तें उगीच नव्हे.

टोकाच्या आडोशाची गोष्ट याहून फसवी आहे. पावसाळ्यांत वारा नैर्ऋत्येचा, म्हणून टोकाच्या उत्तरेकडील आगर सुरक्षित राहतें. पण उन्हाळ्यांत दुपारचा खारा वारा बहुधा वायव्येकडे झुकलेला असतो. तेव्हां तेंच आगर उघडें पडतें आणि दक्षिणेकडच्यास आसरा मिळतो. शेजाऱ्यानें जेथें आड घातली तेथेंच आपणही घालावी हा विचार म्हणूनच घातक होय.

आंब्याच्या बागाईतदारांस आणखी एक वारा जपावा लागतो. मार्च महिन्यांत कधीं कधीं पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो व खारा वारा दुपार उलटेपर्यंत किनाऱ्यावर येतच नाहीं. त्या दिवशीं ऊन असह्य होतें, आणि वाटाण्याएवढीं, सुपारीएवढीं फळें गळतात. पश्चिमेच्या आडेचा तेथें कांहीं उपयोग नाहीं.

आड कशी असावी याविषयीं प्रस्तुत लेखकानें स्वतःच्या खर्चानें धडा घेतला आहे. वाडीच्या समुद्राकडील अंगास आम्ही जांभ्याची उंच, भरीव भिंत घातली. वारा भिंतीवरून उडी मारून मागें भोवरे करीत पडूं लागला आणि भिंतीलगतच्या पोफळी अधिकच फाटल्या! आड अर्धी झिरपणारी असावी. वाऱ्याचा कांहीं भाग तिच्यांतून मंद होऊन जावा. अशी आड आपल्या उंचीच्या सुमारें दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत मागें छाया धरते. सुरू वाढला कीं त्याचें खोड खालीं उघडें पडतें व वारा तेथूनच घुसतो. यास्तव समुद्राच्या बाजूस केवडा, निरगुडी असें बुटकें झुडूप हवें. गाडीवाटेची फट सरळ ठेवूं नये, तिरकी ठेवावी, कारण फटींतला वारा मोकळ्यावरील वाऱ्याहूनही जोराचा असतो. मात्र आड दाटही नको. कोंदट बागेंत मोहोरावर तुडतुडे माजतात.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, तेव्हां झोतांचा वेग ताशीं १२० किलोमीटरपर्यंत होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानें वाढतो. ताशीं ३० किलोमीटरच्या वाऱ्याच्या सोळापट हा दाब झाला. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या बाजूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वादळांत वारा केंद्राभोंवतीं घड्याळाच्या उलट फिरतो. केंद्राच्या उत्तरेस तो आधीं जमिनीकडून येतो, दक्षिणेस समुद्राकडून, आणि केंद्र डोक्यावरून गेल्यास क्षणभर शांतता होऊन मग नेमका उलट दिशेनें. त्यापुढें कोणतीही आड पुरी पडत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु वादळ कैक वर्षांनीं एकदां येतें. खारा वारा रोज येतो.

यास्तव नवी लागवड करणारांनीं वाडीच्या चारी कोपऱ्यांस उंच बांबूवर फडकें बांधावें, आणि पहाटे, मध्यान्हीं व तिसऱ्या प्रहरीं वारा कोठून व किती आहे तें वर्षभर वहींत टिपावें. बाणावली माड धरावयास सहा ते आठ वर्षें लागतात, त्यापुढें हें एक वर्ष कांहींच नव्हे. ज्यांनीं वादळानंतर घाईनें रोपें लावलीं, त्यांच्याही वायव्येच्या कोपऱ्यांत जागा शिल्लक असेल, तर येत्या मृगांत तेथें सुरू व निरगुडी लावण्यास हरकत नाहीं.