आरीतलं छिद्र कशासाठी?

स्विस आर्मी चाकूच्या पाठीला बहुधा आरी (चामड्याला भोक पाडायचं टोकदार अवजार) असते. व्हिक्टोरिनॉक्सच्या अनेक चाकूंत तिला बारीक छिद्रही असतं. ते शोभेचं नव्हे. ते सुईसारखं नेढं आहे. हातशिलाईच्या सुईप्रमाणे आरी पार ओढता येत नाही, म्हणून ते निरुपयोगी वाटतं. इथे शिलाई मशीनच्या सुईची रीत चालते. दोरा ओवून आरी आरपार घाला, किंचित मागे घ्या. पलीकडे दोऱ्याचा फास सुटतो. त्यातून दोऱ्याचं दुसरं टोक ओवा, आरी बाहेर काढा, टाका घट्ट ओढा. दप्तराचा उसवलेला पट्टा असा पक्का शिवता येतो. आरीला सहसा खटका नसतो. जोर लावताना ती बोटांवर मिटणार नाही, हे पाहा.