विश्लेषण : विमान उडण्याआधीची घाई का नडते?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून लोकलने मुंबईला जाणाऱ्यांच्या रोजच्या वाटेवर घाटकोपर लागते. २८ जून २०१८ रोजी दुपारी याच घाटकोपरच्या पश्चिमेला, जीवदया लेनमध्ये, जुहूहून चाचणीसाठी उडालेले किंग एअर सी-९० हे छोटे खासगी विमान कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी, अशा पाच जणांचा जीव गेला. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात. पण खासगी उड्डाणाची जोखीम फक्त विमानात बसणाऱ्यांची नसते, हे त्या दुपारी दिसले. ही जोखीम कमी करण्याची पहिली संधी जमिनीवरच मिळते. ती म्हणजे उड्डाणपूर्व तपासणी.

या तपासणीत काय पाहतात?

वैमानिक आधी विमानाभोवती पायी फेरी मारतो. टायर, ब्रेक, पंख्याच्या पात्यांवरचे टवके, पंखांवरच्या हलत्या भागांचे बिजागर, इंजिन ऑइलची पातळी या गोष्टी डोळ्यांनी आणि हाताने तपासल्या जातात. छोट्या विमानात इंधनासाठी फक्त काट्यावर विसंबत नाहीत, टाकीचे झाकण उघडून पाहतात.

मग टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून पाहतात. छोट्या पिस्टन विमानांचे पेट्रोल लिटरमागे सुमारे ७२० ग्रॅम भरते, पाणी एक किलो. त्यामुळे टाकीत पाणी शिरले असेल तर ते तळाशी बसते आणि इंजिनाकडे आधी तेच जाते. कोकणपट्टीच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात ही तपासणी अधिकच महत्त्वाची. ती टाळली तर इंजिन नेमके उड्डाणानंतर, कमी उंचीवर बंद पडू शकते. तिथे विचार करायला वेळ नसतो.

वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीचे तोंड मोकळे आहे ना, हेही पाहतात. कुंभारीण माशीने त्यात मातीचे घर केले, तर वेगाचा काटा खोटे सांगतो. शेवटी कॉकपिटमध्ये बसून सर्व नियंत्रणे पूर्ण टोकापर्यंत हलवून पाहायची असतात.

घाई महागात पडली तेव्हा

३१ मे २०१४ रोजी रात्री अमेरिकेत बेडफर्ड येथे एक गल्फस्ट्रीम खासगी जेट धावपट्टीवर धावले, पण उचललेच नाही. उभ्या विमानाचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावलेला ‘गस्ट लॉक’ काढायचा राहिला होता. विमान धावपट्टीबाहेर जाऊन पेटले आणि सातही जण दगावले.

नियंत्रणे एकदा टोकापर्यंत हलवून पाहिली असती, तर कुलूप लगेच लक्षात आले असते. पण तपासात पुढे आलेली बाब त्याहून गंभीर होती. त्या विमानाच्या आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा ही तपासणी पूर्ण झालीच नव्हती. म्हणजे चूक फक्त त्या रात्रीची नव्हती. दर वेळी काही न घडल्याने तीच सवय झाली होती.

चेकलिस्ट आली कुठून?

अशाच चुकीतून. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतील राइट फील्डवर बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे बॉम्बर विमान चाचणीत कोसळले. कारण तेच, न काढलेला गस्ट लॉक. दोघांचा जीव गेला. वैमानिक अनुभवी होते. त्यातून धडा निघाला की गुंतागुंतीचे यंत्र केवळ स्मरणशक्तीवर चालवू नये. लेखी चेकलिस्ट वैमानिकांच्या रोजच्या कामाचा भाग झाली ती यानंतर.

यादी असूनही तपासणी का सुटते?

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना याचे उत्तर ठाऊक असेल. शिफ्टच्या सुरुवातीला मशीन न पाहता कागदावर एका दमात टिक मारण्याचा मोह सगळीकडे सारखाच. त्यात मालक गाडीतून उतरलेला असतो, आभाळ भरून येत असते किंवा उजेड कमी होत असतो. मध्येच फोन वाजला, तरी यादीतला एखादा मुद्दा निसटतो. म्हणून व्यत्यय आला की तपासणी पुन्हा सुरुवातीपासून करण्याची शिस्त वैमानिकांना शिकवली जाते.

तपासणी वैमानिकाची स्वतःचीही असते. आजारपण, औषधे, ताण, झोप, जेवण यांचा हिशेब त्यानेच मांडायचा असतो. भारतात उड्डाणाआधीच्या १२ तासांत मद्य घेण्यास बंदी आहे.

आपल्याशी संबंध काय?

वैमानिक व्हायचे ठरवलेली इथली मुले प्रशिक्षणासाठी बारामती, धुळे, गोंदिया गाठतात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. घरच्यांनी कर्ज काढलेले असते, तास लवकर भरायची घाई असते. पालकांनी ‘किती तास झाले?’ असे विचारताना ‘आज उडायचे नाही, असे ठरवलेस का कधी?’ हेही विचारावे. त्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर प्रशिक्षण योग्य दिशेने चालले आहे.

दुसरा संबंध लग्नांचा. नवरदेवासाठी हेलिकॉप्टर भाड्याने घेण्याची हौस आता नवी राहिलेली नाही. पण ‘मुहूर्त टळतोय, लवकर निघा’ असा तगादा वैमानिकामागे लावणे म्हणजे त्याची तपासणी कापणे. उड्डाण करायचे की नाही, हा निर्णय वैमानिकाचा असतो आणि तो ‘थांबा’ म्हणाला तर थांबायचे. मुहूर्त पुन्हा काढता येतो.