जुन्या कॅमेरा-फिती आणि फायरवायर कार्ड

बेळगाव-निपाणी भागातील कित्येक घरांच्या कपाटांत लग्नसमारंभांच्या व गणेशविसर्जनाच्या लहानशा कॅमेरा-फिती जपून ठेवलेल्या आढळतात. दिवंगत वडीलधाऱ्यांचा आवाज कदाचित तेवढ्यातच उरला असेल. तथापि येथील पावसाळ्याची दमट हवा फितींना बुरशी आणते आणि त्या चालविणारे चालू स्थितीतील कॅमेरेही दुर्मिळ होत आहेत.

१९९५ साली आलेल्या मिनी-डीव्ही फितीवर चित्र व ध्वनी अंकरूपाने नोंदलेले असतात. फायरवायर तारेने ते अंक जसेच्या तसे संगणकात उतरतात. पिवळ्या-पांढऱ्या तारांनी घेतलेली प्रत काही गुण गमावते. व्हीएचएस किंवा हाय-८ फितींवर मात्र असे अंक नसतात. त्यांची सोय निराळी.

आजच्या संगणकात फायरवायरची जोडणी बहुधा नसते, म्हणून कार्ड बसवावे लागते. प्रथम संगणकात पीसीआय एक्सप्रेस खाच आहे की जुनी पीसीआय, हे पाहावे. ‘४००’ प्रकारचे कार्ड पुरेसे होय. कारण या फितीतील चित्राचा ओघ सेकंदाला सुमारे २५ मेगाबिटच असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेले कार्ड विशेष भरवशाचे मानले जाते. तारेचे कॅमेऱ्याकडील टोक सामान्यतः ४ पिनांचे, कार्डाकडील ६ पिनांचे असते. फायरवायरचे यूएसबीत रूपांतर करतो म्हणून विकला जाणारा स्वस्त जोड मात्र या कामी निरुपयोगी ठरतो.

तासाभराच्या फितीस तासभरच लागतो आणि सुमारे १३ गिगाबाइट जागा व्यापते. प्रती दोन कराव्यात, त्या दोन ठिकाणी ठेवाव्यात, आणि मूळ फीतही टाकून देऊ नये.