पानाचा पत्ता कसा असावा?

राजारामपुरीतले घर शोधताना आपण गल्लीचा क्रमांक विचारतो. ‘आठवी गल्ली’ म्हटले की रिक्षावाल्याला फारसे सांगावे लागत नाही. त्याच घराला आणखी एक ओळख असते, ती म्हणजे ई वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबर. ही ओळख कचेरीच्या कामाची. पाहुण्याला तिचा उपयोग नाही. घर एकच, पण लोकांसाठी एक खूण आणि नोंदवहीसाठी दुसरी.

संकेतस्थळावरील पानांचेही असेच असते. समजा, एका शाळेने आपल्या संकेतस्थळावर विज्ञानाचे प्रयोग ठेवले आहेत. प्रत्येक प्रयोगाचे पान वेगळे लिहून ठेवलेले नसते. माहिती एका कोठारात असते आणि मागणी येईल तसे एक प्रोग्रॅम पान तयार करून देतो. अशा पानाचा पत्ता पुढीलप्रमाणे असतो:

/दाखवा.पीएचपी?प्रकार=प्रयोग&क्रमांक=३४

हा झाला कचेरीचा पत्ता. तो फळ्यावर लिहिणे अवघड, लक्षात ठेवणे त्याहून अवघड. शिवाय त्यात ‘पीएचपी’ या संगणकभाषेचे नाव आहे. उद्या शाळेने दुसऱ्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला, तर पान तेच राहूनही पत्ता बदलेल. वाचकाच्या दृष्टीने ‘/प्रयोग/३४’ एवढे पुरे.

या दोन पत्त्यांची सांगड घालण्याचे काम सर्व्हर करतो. अपाचे या प्रसिद्ध सर्व्हरसाठी राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये ‘मॉड-रीराइट’ हा भाग लिहिला आणि १९९७ मध्ये तो अपाचे गटाला दिला. त्यात पत्ता बदलण्याचे नियम लिहिता येतात. प्रत्यक्षात ते रोमन लिपीत असतात. समजायला सोपे जावे म्हणून येथे एक नियम देवनागरीत देत आहे:

^प्रयोग/([०-९]+)$ → दाखवा.पीएचपी?प्रकार=प्रयोग&क्रमांक=$१

डावीकडे आहे तो नमुना. ‘^’ म्हणजे पत्त्याची सुरुवात आणि ‘$’ म्हणजे शेवट. ‘[०-९]+’ म्हणजे एक किंवा अधिक अंक. कंसामुळे जुळलेले अंक बाजूला जपून ठेवले जातात आणि उजवीकडे ‘$१’च्या जागी बसतात. ‘/प्रयोग/३४’ अशी मागणी आली की सर्व्हर आतल्या आत प्रोग्रॅमला ३४ क्रमांकाचे पान मागतो. वाचकाला मात्र सुटसुटीत पत्ताच दिसत राहतो. ‘/प्रयोग/चौतीस’ हा पत्ता नमुन्यात बसत नाही, म्हणून हा नियम त्याला लागू होत नाही.

याचे आपल्या भाषेतील उदाहरण म्हणजे मराठी विकिपीडिया. तेथे कोल्हापूरच्या लेखाचा पत्ता ‘/विकि/कोल्हापूर’ अशा धर्तीचा आहे. आत मात्र ‘इंडेक्स.पीएचपी’ या प्रोग्रॅमकडे ‘कोल्हापूर’ या शीर्षकाचा लेख मागितला जातो.

हा पत्ता ब्राउझरमधून उचलून दुसरीकडे चिकटवला, तर पुष्कळदा टक्केचिन्हे आणि अक्षर-अंकांची लांब माळ दिसते. पत्त्याच्या प्रवासात देवनागरी चिन्हे जशीच्या तशी जात नाहीत. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह धरून ३ खुणांनी लिहितात. ‘क’ होतो ‘%ई०%ए४%९५’. ‘कोल्हापूर’ या शब्दात काना, मात्रा, हलन्त धरून ९ चिन्हे आहेत; म्हणून ९ × ३ × ३ = ८१ खुणा. विद्यार्थ्यांना आपापल्या गावाच्या नावाचा असा हिशेब करायला देता येईल.

आता पत्ता खरोखरच बदलावा लागला तर? तेव्हा आतल्या आत सांगड घालून भागत नाही. ब्राउझरलाच नवा पत्ता कळवावा लागतो. त्यासाठी सर्व्हर ३०१ हा क्रमांक पाठवतो. त्याचा अर्थ ‘पान कायमचे येथे हलले आहे’. मग ब्राउझर आपण होऊन नव्या ठिकाणी जातो आणि शोधयंत्रेही आपली नोंद बदलतात. ही सोय केली नाही तर वाचकाच्या वाट्याला ४०४ येतो, म्हणजे ‘पान सापडत नाही’.

शिक्षकांच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे. पुस्तकात छापलेला पत्ता किंवा क्यूआर कोड नंतर खोडता येत नाही. वहीत उतरवून घेतलेला पत्ताही पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाच्या उपयोगी पडायला हवा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच चांगला पत्ता बदलत नाही असा आग्रह धरला होता. म्हणून शाळेचे संकेतस्थळ करून घेताना करणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत: पत्त्यात विषयाचे नाव आहे की यंत्राचे? आणि प्रोग्रॅम बदलला तरी हा पत्ता चालेल का?