विश्लेषण : बीडमध्ये बसून प्रेमगीताचा ‘सिंगल’ काढता येतो; पण त्या गाण्याचा मालक कोण?

लॅपटॉप, एक चांगला माइक आणि शांत खोली एवढ्या सामग्रीवर आज बीड, परळी किंवा अंबाजोगाईत प्रेमगीत रेकॉर्ड होऊ शकते. काही दिवसांत ते जगभरातील म्युझिक ॲपवर ऐकूही येते. त्यासाठी मुंबई-पुण्यातील कंपनीचे दार ठोठावावेच लागते असे नाही. मात्र गाणे चालले की खरा प्रश्न सुरू होतो. ते लिहिले एकाने, चाल दिली दुसऱ्याने, गायले तिसऱ्याने आणि पैसे घातले चौथ्याने. मग कमाई कोणाची?

‘पॉप बॅलड’ म्हणजे काय?

इंग्रजीत पोवाड्यालाही ‘बॅलड’ म्हणतात, पण पॉप संगीतातील बॅलड वेगळे. संथ लय, भावनेवर भर आणि वाद्यांपेक्षा आवाजाला महत्त्व, असे हे गाणे असते. विषय बहुधा प्रेम किंवा विरह. ‘सैराट’मधील (२०१६) ‘याड लागलं’ हे त्याचे मराठीतील ओळखीचे उदाहरण म्हणता येईल. ‘सिंगल’ म्हणजे अल्बम किंवा चित्रपटाची वाट न पाहता स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेले एकच गाणे. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ (२०२४) हे बॅलड नाही, ते ठेक्याचे गाणे आहे. पण चित्रपटाच्या आधाराशिवाय मराठी सिंगल देशभर पोहोचू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

रेकॉर्डिंग कसे होते?

आधी चाल आणि शब्दांचा कच्चा नमुना, म्हणजे ‘स्क्रॅच’ तयार होतो. मग लय ठरवून वाद्यांचा ट्रॅक बांधला जातो. त्यावर गायक डबिंग करतो. सर्व आवाजांचा तोल साधणे म्हणजे मिक्सिंग आणि मोबाइलपासून मोठ्या स्पीकरपर्यंत सगळीकडे गाणे नीट वाजावे यासाठीचा अखेरचा हात म्हणजे मास्टरिंग.

‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेतील सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला होता. तेवढा खर्च प्रत्येकाला झेपणारा नाही. त्यामुळे व्हायोलिनपासून बासरीपर्यंतचे आवाज बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमधून घेतले जातात. खरी काळजी घ्यायची ती तयार ‘बीट’ विकत घेताना. इंटरनेटवर स्वस्तात मिळणारा बीट अनेकदा एकाच वेळी अनेकांना विकलेला असतो. तसे असेल तर पुढे आपल्याच गाण्यावर दुसऱ्याचा दावा येऊ शकतो.

गाणे ॲपवर कसे पोहोचते?

स्पॉटिफायसारख्या ॲपवर गायकाला थेट गाणे चढवता येत नाही. मध्ये वितरक लागतो. त्याच्याकडे गाण्याची डब्ल्यूएव्ही फाइल, चौकोनी कव्हर आणि गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे द्यावी लागतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला ‘आयएसआरसी’ हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो गाण्याचा आधार क्रमांकच समजा. कोणत्या ॲपवर ते किती वेळा वाजले, याचा हिशेब त्यावर जुळतो. नावात किंवा स्पेलिंगमध्ये चूक झाली तर पैसे अडकू शकतात. स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टसाठी गाणे सुचवायचे असेल, तर ते प्रसिद्धीच्या किमान ७ दिवस आधी पाठवावे, असे कंपनी सांगते.

लाखो व्ह्यूज म्हणजे लाखो रुपये?

नाही. स्पॉटिफायच्या २०२४ पासूनच्या नियमानुसार मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नातील वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचे वॉच टाइम, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज लागतात. म्हणूनच गाण्यातला प्रत्येक हक्क कुणाच्या नावावर आहे, हे महत्त्वाचे ठरते.

कायद्याने मालक कोण?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार एका गाण्यात किमान तीन स्वतंत्र हक्क असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि रेकॉर्डिंगचा निर्मात्याचा. रेकॉर्डिंगसाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो निर्माता. ठरलेले भाडे घेऊन काम करून देणारा स्टुडिओ केवळ त्यामुळे मालक होत नाही. गायकाला कलाकार म्हणून वेगळे संरक्षण आहे.

शब्द आणि चालीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

एकरकमी पैसे घेतले तर?

संगीत कंपनीचा ‘ॲडव्हान्स’ ही बीडकरांच्या भाषेत ‘उचल’ असते. ऊसतोड मजुराची उचल हंगामभराच्या तोडीतून वळती होते, तसा ॲडव्हान्स गाण्याच्या पुढील कमाईतून वळता होतो. तो फिटेपर्यंत कलाकाराच्या हाती काही पडत नाही. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे लिहून घेणारा एकरकमी करार हा आणखी वेगळा प्रकार.

मात्र २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना मोठा आधार दिला. इतर हक्क विकले तरी रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क त्यांना सोडता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे सोपवता येतो. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

ही रॉयल्टी गोळा करण्यासाठी गीतकार-संगीतकारांना ‘आयपीआरएस’चे (स्थापना १९६९) सदस्य होता येते. गायकांसाठी २०१३ मध्ये ‘इस्रा’ ही संस्था स्थापन झाली.

मित्रांनी मिळून गाणे केले असेल तर?

अशा वेळी कागद होतच नाही आणि वाद तिथेच उभा राहतो. रेकॉर्डिंगपूर्वी एका पानावर चार गोष्टी लिहून सर्वांनी सह्या कराव्यात : शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचा मालक कोण आणि कमाईत कोणाचा वाटा किती टक्के. वितरकाचे खाते आणि यूट्यूब चॅनल कोणाच्या ईमेलवर आहे, हेही त्यात नोंदवावे. कारण पैसे आधी त्याच खात्यात जमा होतात.

एवढे करूनही फसवणूक झाली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ नुसार हक्कभंगाचा दावा हक्कदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. म्हणजे गाणे बीडचे असेल, तर दाद मागायला मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही.